आजीचे घंगाळ ‘वडिलोपार्जित’ म्हणावे का?

एका वाचकाने विचारले आहे की, आजीने मृत्युपत्राने मोत्यांची नथ थोरल्या नातीला, पितळी समया सुनेला आणि तांब्याचे घंगाळ आपल्याला ठेवले. या वस्तूंना आपण ‘वडिलोपार्जित’ म्हटले, तेव्हा चुलतभावाने हरकत घेतली की आजी म्हणजे वडील नव्हेत, म्हणून हा शब्द येथे चालणार नाही. तर बरोबर कोण?

भाषेपुरते बोलायचे तर चुलतभावाची हरकत साफ चुकीची आहे. ‘वडिलोपार्जित’ म्हणजे बापाने मिळवलेले, असे चांगली शिकलेली माणसेही ठामपणे सांगतात आणि जाहीर नोटिशींमध्ये तोच शब्द ‘वडीलोपार्जित’ असा दीर्घ करून छापतात, याचा मला मनापासून त्रास होतो. ‘मृत्युपत्र’ म्हणावे की ‘इच्छापत्र’ या वादात मी शिरत नाही. दोन्ही शब्द रुळलेले आहेत.

‘वडील’ याचा मूळ अर्थ बाप असा नाहीच. त्याचा अर्थ मोठा, वयाने किंवा मानाने थोर. म्हणून ‘वडील बहीण’ होऊ शकते, घरात ‘वडीलधारी’ माणसे असतात, आणि वतनाच्या जुन्या तंट्यांत ‘वडीलपणा’चा मान कोणत्या शाखेचा यावरून भाऊबंद पिढ्यानपिढ्या भांडत. माझी आजी पत्राच्या शेवटी ‘घरातील वडीलमंडळींस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ असे न चुकता लिहीत असे, आणि त्या वडीलमंडळींत तिची नव्वदी ओलांडलेली आत्याही होती.

आता या शब्दाच्या कुळाकडे वळतो. प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृत पूर्वज शोधून दिल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, ते ‘वडील’ हा ‘वृद्ध’पासून आला असे सांगतात. मला ते मुळीच मान्य नाही. ‘वृद्ध’पासून प्राकृतात ‘वुड्ढ’ आणि ‘वड्ढ’ ही रूपे झाली, आणि त्यांतला ‘ढ’ हिंदीच्या ‘बूढ़ा’मध्ये आजही टिकून आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा महाप्राण, म्हणजे ‘ढ’, ‘थ’, ‘ख’ यांतला ‘ह’कार, गळतो, ‘हत्थ’चा ‘हात’ आणि ‘भुक्खा’ची ‘भूक’ होते, असा बचाव यावर केला जाईल. पण हिंदीने ‘हाथ’ आणि ‘भूख’ यांतला महाप्राण जपला असूनही ‘वडील’च्याच कुळातला ‘बड़ा’ म्हणताना तिच्या तोंडी ‘ड’च येतो, आणि गुजरातीतही घरातल्या थोरांना ‘वडील’च म्हणतात. तेव्हा येथे मुळातच ‘ढ’ नव्हता. मूळ शब्द प्राकृतातला ‘वड्ड’ म्हणजे मोठा. जुन्या मराठीतला ‘वाड’ आणि कोंकणीतला ‘व्हड’ हे त्याचेच वंशज आहेत, आणि माझ्या मते ‘वाडवडील’ या जोडशब्दाचे दोन्ही अवयव याच एका मुळाचे आहेत.

मला सर्वांत आनंद देतो तो मात्र शेवटचा ‘ल’. प्राकृतातला दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो आणि जोड ‘ल्ल’चा ‘ल’ राहतो. संस्कृत ‘काल’चा ‘काळ’ झाला, पण ‘कल्य’पासून आलेल्या ‘कल्ल’चा, म्हणजे सरलेल्या दिवसाचा, ‘काल’ झाला. ‘फल’चे ‘फळ’ झाले, पण ‘तेल्ल’चे ‘तेल’च राहिले. आपण ‘वडीळ’ म्हणत नाही, ‘वडील’ म्हणतो, याचा अर्थ ‘वड्ड’ला ‘पहिल्ल’मध्ये दिसणारा ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला होता. शब्दाच्या शेवटी बसलेले एक अक्षर शतकांपूर्वीच्या जोडाक्षराची साक्ष देते, आणि आपण ते दिवसातून दहा वेळा उच्चारतो!

‘वडील’ला ‘उपार्जित’ जोडून वडीलधाऱ्यांनी मिळवलेले ते ‘वडिलोपार्जित’ झाले. देशी शब्दाला संस्कृत संधी कसा लावला म्हणून कोणी नाक मुरडील, पण मराठीने तो केला आहे आणि तो पक्का बसला आहे. आजी वडीलधारी आहेच. म्हणून घंगाळ वडिलोपार्जित म्हणण्यास भाषेची ना नाही.

कायद्याच्या कामात मात्र आजीच्या वस्तूला हा शब्द लावू नये. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित मिळकत म्हणजे बाप, आजोबा किंवा पणजोबा यांच्याकडून वारशाने आलेली, जिच्यात जन्मतःच हक्क मिळतो ती. आजीकडची वस्तू त्यात येत नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 प्रमाणे स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक असते, आणि मृत्युपत्राने ती ज्याला देईल त्याची ती स्वतःची होते. चुलतभावाला वडिलोपार्जित म्हणून वाटा मागायचा असेल, तर त्या घंगाळात त्याचा वाटा नाही.

शिवाय अशा वस्तू बहुधा बापाकडून मुलाकडे येतच नाहीत. आमच्याकडच्या घंगाळाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आजीच्या सासूबाईंचे आहे. ते सासूकडून सुनेकडे आले. त्यामुळे कोणी आजी आज मृत्युपत्र लिहीत असेल, तर तिने विशेषणाच्या फंदात न पडता ‘माझ्या सासूबाईंकडून मला मिळालेले, माझ्या मालकीचे, काठावर नाव घातलेले तांब्याचे घंगाळ’ असे लिहावे आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.