ग्राइंडर घ्या, पण आधी कार्डाची बाकी फेडा

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आहे. नोकरी, हातात महिना ४८ हजार, सुट्टीच्या दिवशी सुऱ्या बनवण्याचा छंद. ते विचारतात, १४ हजारांचा एक इंची पट्ट्याचा बेल्ट ग्राइंडर (फिरत्या खरखरीत पट्ट्यावर पातं घासायचं यंत्र) घेऊ, की ७२ हजारांचा, दोन बाय बहात्तर इंची पट्ट्याचा, बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर? महिन्याला चार सुऱ्या विकून हप्ता सुटेल, असा त्यांचा हिशेब. शेवटी जाता जाता लिहिलंय: क्रेडिट कार्डावर १ लाख ४० हजार बाकी आहे, पण मिनिमम ड्यूचे, म्हणजे बिलातल्या किमान रकमेचे, ७ हजार न चुकता भरतो. ३ लाखांची एफडी आहे, ती मोडू नका असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलंय.

अहो, खरा प्रश्न इथे आहे! तुमच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा. म्हणजे ४,९०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, झाले ५,८००. तुम्ही भरता त्या सात हजारांतून मुद्दल फिटते जेमतेम बाराशे. वर्षाला सत्तरेक हजार व्याजात जातात आणि एफडी सात टक्क्यांनी देते २१ हजार, तेही करपात्र. असं असताना एफडीला हात लावू नका म्हणणं हा सल्ला नव्हे. त्यात फायदा फक्त बँकेचा.

या आठवड्यात एफडी मोडा आणि कार्डाची पूर्ण बाकी भरा. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कापलं जाईल, जाऊ द्या. उरलेले १ लाख ६० हजार अडीअडचणीसाठी पुन्हा एफडीत ठेवा.

ईएमआयचं म्हणाल तर ‘नो कॉस्ट’मध्येही सहसा प्रोसेसिंग फी आणि सवलतीतून वळतं होणाऱ्या व्याजावरचा जीएसटी लागतो. शिवाय सहा हजारांचा हप्ता कार्डावर घेतला तर मिनिमम ड्यूमध्ये अख्खा धरला जातो. सातचे तेरा हजार झाले की कुठून भरणार? चार सुऱ्यांच्या भरवशावर? आजवर विकलेली एकही सुरी पत्रात नाही, तेव्हा ती कमाई शून्य धरा. पट्टे, पोलाद, मुठीचं लाकूड आणि बाहेरून पात्याला पाणी देऊन (तापवून कडक करून) घेणं, हा खर्च मात्र नक्की आहे.

छंद थांबवू नका. १४ हजारांचाही नको: त्याची मोटर जोर दिला की अडते आणि अरुंद पट्ट्यावर रुंद पात्याचा धारेकडचा उतार एकसारखा येत नाही, वर्षभरात तो विकायला काढाल. तोवर चांगल्या कानशी, पातं घट्ट धरणारा पक्का व्हाइस आणि साधा अँगल ग्राइंडर यांवर भागवा. कानस ठरल्या कोनात धरणारी जिग घरीच बनते. तिच्यावर उतार सावकाश येतो, पण नेमका येतो. मास्क आणि गॉगल यांत मात्र काटकसर करू नका.

सुटलेले सात हजार दर महिन्याला आरडीत टाका. अकराव्या महिन्यात मोठा ग्राइंडर रोखीने येईल.

आणि बाकी भरल्यावरही पुढच्या बिलात आधीच्या दिवसांचं थोडं व्याज दिसेल. तेही पूर्ण भरा, आणि बिल शून्यावर येईपर्यंत त्या कार्डावर काहीही घेऊ नका.