साक्षीदारच पेशीला आला नाही, तर त्याच्या बयानाचं काय?

या वेळी आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, कोर्टात न आलेल्या माणसाच्या शब्दावर कोणाला शिक्षा होऊ शकते का. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच देते, पहिल्या पत्राला जास्त जागा लागली ते समजून घ्या.

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझ्या साळ्यावर चाकू मारल्याची केस आहे. कॉटन मार्केटच्या बाजूला रात्री भांडण झालं, ज्याला लागलं त्याला मागून लागलं त्यामुळे कोणी मारलं ते त्यानं पाहिलंच नाही. एकच माणूस म्हणतो की मी पाहिलं, तो तिथं हमाली करत होता, छिंदवाड्याकडचा, पोलिसांना बयान देऊन गावाकडे जो गेला तो गेलाच. पेशीवर पेशी होऊन राहिली, समन्स तसंच परत येते आणि साळा जेलमध्येच आहे. मोहल्ल्यातले लोक सांगून राहिले की तो नाही आला तरी त्याचं बयान कोर्टात वाचून दाखवतात आणि त्याच्यावरच शिक्षा ठोकतात. खरं आहे का? आणि एक जण म्हणतो की तो न आलेलाच बरा, कोणाला तरी पाठवून त्याला सांगा की येऊच नको. काय करावं?
— एक वाचक, हुडकेश्वर

उत्तर : दादा, आधी शेवटच्या गोष्टीचं बोलते. त्या हमालाकडे कोणालाही पाठवू नका, फोन करू नका, ओळखीच्या माणसाकडून निरोपसुद्धा नको. साक्षीदाराला धमकावलं असं कोर्टासमोर आलं तर जामीन विसरा, खोटी साक्ष द्यायला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली वेगळा गुन्हा आहे, आणि ज्यानं हा सल्ला दिला तो तुमच्यासोबत कोर्टात उभा राहायला येणार नाही.

आता बयानाचं. पोलीस तपासात जे बयान लिहून घेतात ते नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 180 खाली असतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 161 होतं. त्यावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, आणि कलम 181 सांगतं की खटल्यात ते पुरावा म्हणून वापरताच येत नाही. त्याचा उपयोग एवढाच की तो साक्षीदार कोर्टात येऊन वेगळं बोलला तर त्याला विचारता येतं, बाबा पोलिसांना तर तू असं सांगितलं होतंस, मग आज असं का? म्हणजे त्यासाठीसुद्धा माणूस पिंजऱ्यात उभा पाहिजे. माणूसच नाही तर तो कागद फाईलमध्ये राहतो, न्यायाधीश त्यावर शिक्षा देऊ शकत नाहीत. मोहल्ल्यातल्यांनी जे सांगितलं ते चूक आहे.

मॅजिस्ट्रेटसमोर घेतलेलं बयान, कलम 183 चं, जुनं 164, याला लोक फार घाबरतात कारण ते शपथेवर असतं आणि त्यावर सही असते. त्याचं वजन पोलिसांच्या बयानापेक्षा जास्त आहे हे खरं, पण ते घेताना आरोपीचा वकील तिथं नसतो, एकही उलट प्रश्न विचारलेला नसतो, म्हणून तेही कोर्टातल्या साक्षीची जागा घेत नाही. तुमच्या केसमध्ये त्या हमालाचं असं बयान झालंय का ते चार्जशीटच्या कागदात पाहून घ्या.

मग साक्षीदार गायब झाला तर त्याचं आधीचं बोलणं कधीच चालत नाही का? चालतं, पण दरवाजा फार अरुंद आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 27 मध्ये, जे जुन्या कायद्यात 33 होतं, सांगितलंय की साक्षीदार मेला असेल, सापडत नसेल, साक्ष द्यायच्या अवस्थेत नसेल, समोरच्या पक्षानंच त्याला लांब ठेवलं असेल, किंवा त्याला आणायला अवाजवी वेळ आणि खर्च लागणार असेल तर त्यानं आधी दिलेली साक्ष वापरता येते. पण ती साक्ष कोर्टासमोर किंवा साक्ष घ्यायचा अधिकार असलेल्या माणसासमोर झालेली पाहिजे, त्याच पक्षांमधली, मुद्दे तेच, आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे तेव्हा आरोपीला उलटतपासणीचा हक्क आणि संधी मिळालेली पाहिजे. पोलीस स्टेशनमधल्या बयानात यातलं काहीच नसतं. आणि त्या यादीत ‘समोरच्या पक्षानं लांब ठेवलं’ हे पण आहे ते परत एकदा वाचा, म्हणून म्हटलं निरोप पाठवू नका.

उलटतपासणीवर एवढा जोर का ते सांगते. रात्रीची वेळ, मार्केटचा रस्ता, लाईट कुठं होता, तो हमाल किती लांब होता, तुमच्या साळ्याला तो आधीपासून ओळखत होता की पोलिसांनी दाखवल्यावर ओळखलं, त्याचं कोणाशी वाकडं होतं का, हे सगळं त्या माणसाला तोंडावर विचारल्याशिवाय कळतच नाही. कागदाला काय विचारणार? तो माणूस खोटंच बोलतोय असं मी म्हणत नाही, तो शंभर टक्के खरंही बोलत असेल, पण खरं असलं तरी ते तपासून घेतल्याशिवाय कोणाची दहा वर्षं हिरावून घ्यायची नसतात, माझं यावर ठाम मत आहे आणि राज्यघटनेचं कलम 21, म्हणजे जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, पण तेच सांगतं.

तो सापडतच नाही हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. समन्सवर नुसतं ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ लिहून परत पाठवलं की काम झालं असं नाही, गावच्या पोलिसांकडे चौकशी केली का, वॉरंट काढलं का, मोबाईल नंबर होता तर लावला का, हे तुमच्या वकिलांनी विचारायला हवं. आणि इतक्या लांबून यायचं नसेल तर व्हिडिओवर साक्ष घेता येते. आपल्याच राज्याच्या एका केसमध्ये, महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई, 2003 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परदेशातल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सनं घेतली तरी ती आरोपीच्या समोर घेतल्यासारखीच आहे, कारण आरोपी आणि वकील त्याला बघू शकतात, ऐकू शकतात आणि प्रश्न विचारू शकतात. परदेशातला डॉक्टर चालतो तर छिंदवाडा काय लांब आहे.

पण हमाल आला नाही म्हणजे साळा सुटलाच असं धरू नका. चाकू कुठून जप्त झाला, पंच काय सांगतात, कपड्यांवरच्या रक्ताचा रिपोर्ट काय आहे, हा सगळा वेगळा पुरावा आहे आणि तो आपल्या पायावर उभा राहू शकतो. जेलमध्ये किती दिवस झाले ते मोजा आणि साक्षीदार मिळत नाही, खटला पुढे सरकत नाही या मुद्द्यावर जामिनाचा अर्ज नव्यानं टाका, जलद खटला हा मूलभूत हक्काचा भाग आहे हे सुप्रीम कोर्टानं 1979 मध्येच हुसैनारा खातूनच्या केसमध्ये म्हटलंय. खाजगी वकील झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, आरोपी जेलमध्ये असला की त्याला फुकट वकील मिळतो, त्यात लाज वाटायचं कारण नाही.

प्रश्न : माझे काका मारहाणीत जखमी झाले, हॉस्पिटलमध्ये त्यांनी नावं सांगितली आणि दुसऱ्या दिवशी गेले. आता समोरचे लोक म्हणतात की मेलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही म्हणून ते बयान बाद. मग काकांचं बोलणं वायाच गेलं का?
— वाचक भगिनी, महाल

उत्तर : नाही ताई, वाया नाही गेलं. मृत्युपूर्व जबाब हा वर सांगितलेल्या नियमाला असलेला मोठा अपवाद आहे, आता साक्ष अधिनियमाचं कलम 26, पूर्वीचं 32. आणि यातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा एक निकाल तुमच्या-माझ्या नागपूरचाच आहे. फेब्रुवारी 1956 मध्ये इथल्या कामगार वस्तीत एकाला रात्री मारलं, त्याला मेयो हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथं आधी डॉक्टरांनी, मग पोलिसांनी आणि मग मॅजिस्ट्रेटनी त्याचा जबाब घेतला. केस सुप्रीम कोर्टात गेली, खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य, आणि 1957 मध्ये कोर्टानं ठरवलं की मृत्युपूर्व जबाब खरा आहे अशी खात्री पटली तर दुसऱ्या पुराव्याचा आधार नसतानाही फक्त त्यावर शिक्षा देता येते.

पण त्याच निकालात कोर्टानं हेही सांगितलं की अशा जबाबाची उलटतपासणी होऊ शकत नाही म्हणून तो फार काळजीनं तपासला पाहिजे. मारणारा दिसेल एवढा उजेड होता का, बोलायची शुद्ध होती का, एकापेक्षा जास्त वेळा सांगितलं तर तेच सांगितलं का, नातेवाइकांनी पढवायला वेळ मिळाला होता का. म्हणून काकांच्या आजूबाजूला त्या वेळी कोण कोण होतं, जबाब कोणी घेतला, किती वाजता, हे आत्ताच लिहून ठेवा, तुमची स्वतःची साक्ष होईल तेव्हा यावरच विचारतील. डॉक्टरांचं ‘शुद्धीवर आहे’ असं सर्टिफिकेट नसेल तर घाबरू नका, 2002 च्या लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र या निकालात पाच न्यायाधीशांनी म्हटलंय की जबाब घेणाऱ्याची स्वतःची खात्री पटलेली असेल तर सर्टिफिकेट नाही एवढ्यावरून जबाब बाद होत नाही.

प्रश्न : मी लॉ करते, मूट कोर्टसाठी, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यासाठी, विचारायचं होतं, बाहेरच्या देशांत साक्षीदार न येता शिक्षा होते का?
— विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : होते, आणि त्यावर कोर्टांची आपसात चांगलीच खडाजंगी झाली आहे. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचा 15 डिसेंबर 2011 चा अल-ख्वाजा आणि ताहेरी विरुद्ध युनायटेड किंग्डम हा निकाल मुळातून वाच, यात दोन वेगळ्या केसेस एकत्र आहेत. अल-ख्वाजा डॉक्टर होता, पेशंट बायकांशी गैरवर्तनाचा आरोप, त्यातली एक खटल्याआधीच वारली आणि तिचं पोलिसांना दिलेलं बयान ज्युरीला वाचून दाखवलं. ताहेरीची केस वरच्या हुडकेश्वरच्या दादांच्या केससारखीच आहे बघ, चाकू मागून लागला, जखमीनं स्वतः पाहिलं नाही, पाहिलं म्हणणारा एकच, तो भीतीनं कोर्टात आला नाही आणि त्याचं बयान वाचलं गेलं.

याच न्यायालयाच्या छोट्या पीठानं 2009 मध्ये दोघांच्याही बाजूनं निकाल दिला होता, न आलेल्या माणसाचं बयान हाच एकमेव किंवा निर्णायक पुरावा असेल तर खटला न्याय्य नाही म्हणून. इंग्लंडच्या सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी हॉर्नकॅसलच्या केसमध्ये हे मानायला सरळ नकार दिला. मग मोठ्या पीठानं 2011 मध्ये मधला रस्ता काढला, की असा पुरावा निर्णायक असला म्हणून खटला आपोआप बाद नाही, पण आरोपीचं नुकसान भरून काढणाऱ्या भक्कम सोयी पाहिजेत. अल-ख्वाजाच्या केसमध्ये दुसरी पेशंट कोर्टात आली होती, तिची हकीकत जुळत होती, म्हणून तिथं हक्कभंग नाही. ताहेरीकडे त्या एका बयानाला खोटं पाडायचं काही साधनच नव्हतं, तिथं हक्कभंग झाला.

2015 चा शाचाश्विली विरुद्ध जर्मनी पण घे. गॉटिंगेनमध्ये दोन लॅटव्हियन बायकांना लुटलं, त्या मायदेशी गेल्या आणि खटल्यात साक्ष द्यायला नाही म्हणाल्या. तपासात न्यायाधीशासमोर त्यांचं बयान झालं होतं पण आरोपीला बाहेर ठेवलं होतं, वकील नेमता आला असता तोही नेमला नाही, नेमका तिथं जर्मनीचा पाय घसरला. मला हा मुद्दा आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो, साक्षीदार निघून जाणार हे आधीच दिसत असेल तर तेव्हाच आरोपीच्या वकिलाला बोलावून त्याला प्रश्न विचारू द्यायला काय हरकत आहे? परप्रांतातून कामाला आलेले मजूर आपल्याकडे कितीतरी केसेसमध्ये साक्षीदार असतात.

प्रश्न : मला साक्षीदार म्हणून समन्स आलं आहे. वय झालं, गुडघे दुखतात, मागच्या वेळी दिवसभर बसवून पेशी वाढली म्हणून परत पाठवलं. आणि आरोपीची पोरं आमच्याच गल्लीत राहतात, येता-जाता टोमणे मारतात. नाही गेलो तर चालेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, सक्करदरा

उत्तर : काका, नाही गेलात तर वॉरंट निघू शकतं, म्हणून तसं करू नका. पण तुमचा राग मला समजतो, कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदाराला बसायला बाकडं मिळत नाही, शिपायानं नाव पुकारलं की धावत आत जायचं, आत गेल्यावर कळतं की वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, आणि डबा तसाच घेऊन घरी. साक्षीदार का येत नाहीत याचं निम्मं उत्तर या व्हरांड्यातच आहे. कायदा तर सांगतो की साक्षीदार हजर असताना खास कारणाशिवाय तारीख वाढवायची नाही. 2015 मध्ये विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं यावर फार कडक शब्दांत नाराजी दाखवली, तिथं सरतपासणीनंतर, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाच्या वकिलानं प्रश्न विचारल्यानंतर, उलटतपासणी जवळजवळ वीस महिन्यांनी झाली आणि तोवर साक्षीदार फितूर झाला होता.

टोमण्यांचं हलक्यावर घेऊ नका. 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असते, जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष, तिथं अर्ज करता येतो, मग पोलीस धोक्याचा अहवाल देतात आणि त्याप्रमाणे घराजवळ गस्त, आरोपीशी समोरासमोर येणार नाही अशी साक्षीची सोय, असं काय काय मिळू शकतं. अर्ज सरकारी वकिलांच्या ऑफिसमधून जातो. कोण, कुठल्या दिवशी, काय बोललं ते तारखेसकट एका वहीत लिहा आणि तेच अर्जाला जोडा. पेशीच्या आदल्या दिवशी पैरवीच्या पोलिसाला, म्हणजे कोर्टात केसचं काम बघणाऱ्या पोलिसाला, फोन करून विचारा की उद्या साक्ष होणार की नाही, गुडघ्यांचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत न्या आणि सरकारी वकिलांना सांगा की माझं नाव आधी घ्या किंवा व्हिडिओवर साक्ष घ्या. साक्षीदाराचा भत्ता मिळतो, तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही, तेव्हा निघायच्या आधी समन्सचा कागद आणि ऑटोचा खर्च कोर्टातल्या क्लार्कला दाखवा.