आधी गाडी घेऊन ये

ताई, मी २८ वर्षांची आहे, नाशिकला गंगापूर रोडला राहते आणि फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या वर्षी एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये माझी निवड झाली आणि सातव्या आठवड्यापर्यंत मी त्या घरात टिकले. परत आले तेव्हा पाथर्डी फाट्यापासून ढोल लावून मिरवणूक निघाली. त्याला आता पाच महिने झाले. उद्घाटनांची आमंत्रणे येतात, पण क्लिनिकमध्ये परत जायला कसेसेच वाटते. सरांनी माझी जागा अजून ठेवली आहे. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मी माझ्यावरच्या कमेंट वाचत असते. मैत्रिणी दुरावल्या. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीने तर माझ्यासाठी एकदाही मत मागितले नाही, एक स्टोरी टाकली नाही, मिरवणुकीलाही आली नाही. (माझी स्कूटी अजून तिच्याकडेच आहे; आईच्या मोतीबिंदूच्या वेळी लागेल म्हणून देऊन गेले होते.) प्रसिद्धी, मैत्री, करिअर आणि तब्येत यांचा तोल कसा साधावा? आणि खरी माणसे ओळखायची कशी?

— एक वाचक

प्रिय मुली,

तुझे मूळ पत्र चार पानांचे आहे आणि वर त्याचा सारांश दिला आहे. त्या चार पानांत कोणी कोणाला कसे फसवले, कोणत्या आठवड्यात तुझे काय कापले गेले आणि बाहेर आल्यावर कोण कोण बदलले याचा हिशेब तू बारकाईने मांडला आहेस. स्कूटीचे वाक्य मात्र कंसात आहे. मी ते तीनदा वाचले, आणि खरे सांगायचे तर उरलेले पत्र मला त्या कंसातूनच कळले.

माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शस्त्रक्रिया अर्ध्या तासात उरकते आणि लोकांना वाटते की झाले. प्रत्यक्षात काम त्यानंतर सुरू होते. दुसऱ्या दिवशी तपासणीला जायचे, आठवड्याने पुन्हा जायचे, महिन्याने पुन्हा जायचे. औषधाचे थेंब दिवसातून अनेक वेळा, घड्याळ लावून, आणि ते स्वतःचे स्वतःला नीट घालता येत नाहीत, निम्मे गालावर ओघळतात. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही, म्हणजे डोक्यावरून अंघोळ बंद. वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, स्वयंपाकघरात फोडणीपाशी उभे राहायचे नाही. तुझ्या चार पानांत वडिलांचा किंवा भावंडाचा उल्लेख कुठेही नाही. मग हे सगळे कोणी केले? तू त्या घरात सायंकाळच्या टास्कसाठी दोन वेण्या घालत होतीस, त्या आठवड्यांत तुझ्या आईला हिरवा चष्मा लावून, मागच्या सीटवर बसवून, पंचवटी ते गंगापूर रोड आणि गंगापूर रोड ते दवाखाना अशा खेपा कोण घालत होते, हे तू आईला एकदा तरी विचारलेस का? विचारले असतेस तर ते पत्रात आले असते. तुझ्या मैत्रिणीने तुझ्यासाठी मत मागितले नाही ही तक्रार मात्र पहिल्याच पानावर आहे.

ती रागावली असेल, कदाचित दमलीही असेल. तिची बाजू मांडायला मी बसलेले नाही. तिने मला पत्र लिहिलेले नाही, आणि एवढ्या महिन्यांत तिनेही फोन करून 'गाडी घेऊन जा' असे म्हणायला हरकत नव्हती. पण गाडी तुझी आहे, आई तुझी आहे, त्यामुळे पूल ओलांडायचा आहे तो तूच.

१९९९ साली नेदरलँड्समध्ये 'बिग ब्रदर' या नावाने जो प्रकार सुरू झाला, २००६ मध्ये हिंदीत आणि २०१८ मध्ये मराठीत आला, त्याचे यंत्र फार साधे आहे. माणसांना एका घरात कोंडायचे, फोन आणि घड्याळ काढून घ्यायचे, चोवीस तास कॅमेरे चालू ठेवायचे, त्यातून तासाभराचा भाग कापून काढायचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्याबरोबर जेवणाऱ्या माणसाचे नाव कारणासकट बाहेर काढण्यासाठी घ्यायला लावायचे. तू तिथून निघालीस, पण नाव घेण्याची ती सवय सामानाबरोबर घरी घेऊन आलीस. खरी माणसे ओळखायची कशी, हा तुझा प्रश्न त्या घरातला आहे. नाशिकमध्ये बसून तू आता नॉमिनेशन करते आहेस, आणि या आठवड्यात तू जिचे नाव घेतले आहेस तिने तुझ्यासाठी मत मागितले नाही, एवढेच कारण तुला पुरले आहे.

रात्रीच्या कमेंटचेही तेच. गाण्याच्या स्पर्धेत निदान सुराला गुण मिळतात. 'इंडियन आयडल'चे पहिले पर्व २००४ मध्ये सुरू झाले आणि ते जिंकणारा अभिजीत सावंत वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, मराठी 'बिग बॉस'च्या घरात गेला तरी लोकांच्या लेखी तो गायकच होता, कारण गळा त्याच्याबरोबर होता. तुझ्या कार्यक्रमात तुझ्या हातातले कसब कोणी पाहिलेच नाही. लोकांनी फक्त तुझे वागणे पाहिले, तेही कापून उरलेले. त्यामुळे एखाद्याने 'खोटारडी' असे लिहिले की ते थेट तुलाच लागते, हे मी समजू शकते. पण ज्यांनी दिवसातला एक तास पाहिला त्यांची मते तू रात्रभर वाचतेस, आणि जिने तुला शाळेच्या डब्यापासून पाहिले तिच्याकडे पाच महिन्यांत फिरकत नाहीस. झोप इतके दिवस उडाली असेल आणि मनात नको ते येत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते. संकोच करू नकोस.

उद्घाटनांबद्दल मी फारसे बोलणार नाही. फिती कापायला बोलावतात तोवर काप आणि मानधन आधी घेत जा. हा स्तंभ माझ्या छायाचित्रासह छापून येऊ लागला, तेव्हा भाजीवालीने मला ओळखून कोथिंबिरीची जुडी फुकट दिली होती आणि मी आठ दिवस त्याच तोऱ्यात होते. त्यामुळे तुझ्या मिरवणुकीला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. क्लिनिकचे मात्र ऐक. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आलेली म्हातारी तुझ्याबरोबर एक सेल्फी काढेल, फार तर दोन काढेल, आणि तिसऱ्या दिवशी 'बाई, पाय कधी वाकेल ते सांग' असे विचारेल. पाच महिन्यांत तुला तुझ्याबद्दल नसलेला असा एक तरी प्रश्न कोणी विचारला आहे का?

तेव्हा येत्या रविवारी सकाळी जाऊन गाडी घेऊन ये. कॅबने जायचे नाही. सिटीलिंकच्या बसने रविवार कारंजापर्यंत जा आणि होळकर पूल पायी ओलांड. लोक ओळखतील, फोटो मागतील. ते देऊन पुढे चालू लाग. फोन पर्समध्ये ठेव, आणि या भेटीतले काहीही कुठेही टाकायचे नाही. कंपन्यांनी फुकट पाठवलेल्या क्रीमचा डबा भेट म्हणून नेऊ नकोस. न्यायचेच असेल तर आईच्या हातचे काहीतरी ने, आणि ते करून घेताना तिला त्या आठवड्यांबद्दल विचार. तिने जे सांगितले असेल ते मनात ठेवूनच त्या दारात उभी राहा. मैत्रिणीने विचारल्याशिवाय त्या घराचा विषय काढू नकोस. तिने चार शब्द सुनावले तर ऐकून घे. तू तिथे अनोळखी माणसांचे सात आठवडे ऐकून घेतलेस.

परतताना हेल्मेटखाली स्कार्फ बांध. नाशिकच्या उन्हात नाकापर्यंत स्कार्फ गुंडाळून कॉलेज रोडवरून जाणारी मुलगी कोण आहे, हे तिच्या सख्ख्या आईलाही सांगता येत नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच सिग्नलला तुझ्याकडे कोणी बघणार नाही, आणि ते तुला आवडते की नाही हे तुझे तुलाच कळेल. आवडले नाही, तर मला पुन्हा लिही. मग आपण प्रसिद्धीबद्दल बोलू. आवडले, तर सोमवारी त्याच गाडीवरून क्लिनिकला जा.

आणि गाडीच्या दोन किल्ल्या असतील, तर एक तिच्याकडेच राहू दे.

— तुझी ताई