बॅन्फ झालं, आता डायनासोरचा मुलूख

प्रश्न : जूनमध्ये कॅनडात कॅलगरीला मुलाकडे जातो आहोत. बॅन्फ मागच्या खेपेला झालं. आता सात वर्षांच्या नातवाला डायनासोर बघायचे आहेत. ड्रमहेलर एका दिवसात होईल का? यजमानांचे गुडघे दुखतात, त्यांना झेपेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : एका दिवसात होतं, कॅलगरीहून जेमतेम दीड तास. पण मी इथे राहते आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते, दोन दिवस काढाच.

ड्रमहेलरच्या अलीकडे हॉर्सशू कॅन्यनला थांबा. तोवर दोन्हीकडे नुसती सपाट शेतं असतात आणि एकाएकी समोरची जमीनच खचलेली दिसते. राखाडी, तपकिरी थर, मधूनच कोळशाचा काळा पट्टा. काठावर उभं राहूनही सगळं दिसतं, त्यामुळे यजमानांनी खाली उतरायची गरज नाही.

मग रॉयल टिरेल म्युझियम. 1884 मध्ये सरकारी भूगर्भ-पाहणीसाठी आलेल्या जोसेफ टिरेल यांना याच खोऱ्यात एका मांसाहारी डायनासोरची कवटी सापडली. पुढे त्याला अल्बर्टोसॉरस नाव मिळालं. नातू टी-रेक्सपाशी रमेल, रमू दे. पण त्याला बोरिआलोपेल्टा या चिलखती डायनासोरपाशी नक्की न्या. 2011 मध्ये फोर्ट मॅकमरेजवळच्या खाणीत खोदताना हा सापडला. 11 कोटी वर्षं जुना, तरी कवचाची खवलं जागच्या जागी! हाडांचा सापळा नव्हे, तोंडापासून कमरेपर्यंतचं अंगच दिसतं. म्युझियमचे तंत्रज्ञ मार्क मिचेल यांनी सुमारे सात हजार तास दगड कोरून त्याला मोकळं केलं. म्युझियमच्या लॅबमध्ये असं काम काचेतून बघता येतं. तिथे घाई करू नका.

दुसरा दिवस ब्रुक्सजवळच्या डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्कसाठी, ड्रमहेलरहून साधारण दोन तास. बरेच जण हे गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. ही 1979 पासून जागतिक वारसा असलेली जागा. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहिला साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी. इथले थर त्याच्याही जवळपास एक कोटी वर्षं आधीचे, नद्यांनी आणलेल्या वाळूचे नि गाळाचे. त्या गाळात पुरलं गेलं म्हणून हाड टिकलं. पाऊस माती धुऊन नेतो आणि उतारावर नवं हाड उघडं पडतं. ते हाड जिथे पुरलं गेलं तिथेच पडलेलं बघणं यासारखं दुसरं काही नाही. यजमानांसाठी गाडीने फिरायचा छोटा रस्ता आहे, वाटेत जागेवरच जतन केलेले जीवाश्म दिसतात. नातवासाठी गाइडबरोबरची सहल आधीच बुक करा. त्याला बजावून ठेवा, हाडाचा बारीकसा तुकडाही खिशात घालायचा नाही, कायद्याने मनाई आहे.

सावली अजिबात नाही. टोप्या आणि भरपूर पाणी घ्या. पाऊस पडून गेला असेल तर मात्र उतारावर जाऊ नका. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली ती माती ओली झाली की शेवाळलेल्या फरशीसारखी निसरडी होते. त्या दिवशी म्युझियम करा, पार्क सुकल्यावर.