घरात मराठी, मग ‘इंग्लिश लँग्वेज’ झेपेल का?

“घरात आम्ही मराठीच बोलतो हो. इथल्या मुलांपुढे ही इंग्रजीत कशी टिकणार?” लंडनजवळच्या स्लावमधून आलेल्या आईचा हा प्रश्न. लेक शेजारी गप्प बसलेली. जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा झालेली, आणि त्यापुढच्या दोन वर्षांच्या ए-लेव्हलला जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्लिश लँग्वेज घ्यायचं तिने ठरवलेलं. सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे या दोन वर्षांत, बहुतेकांना तीनच विषय असतात, त्यामुळे आईची धास्ती मला समजत होती. हीच काळजी मराठी घरांतून वारंवार ऐकते.

मी लेकीला विचारलं, “धाकटा भाऊ कसा बोलतो गं?”

ती खुलली. “चार वर्षांचा आहे. ‘टू फूट्स’ म्हणतो. मराठीत ‘मी करलं’.”

दोन्ही भाषांत पोराने नियम पकडलाय आणि अपवादालाही लावलाय. हाच तर या विषयाचा गाभा! मुलं भाषा कशी शिकतात, ती काळानुसार कशी बदलते, माणूस आणि प्रदेश बदलला की बोलणं का बदलतं, हे यात अभ्यासतात. शुद्धलेखनाचा हा वर्ग नव्हे. कादंबऱ्या-कवितांची ओढ असेल तर इंग्लिश लिटरेचर घ्यावं; नावं सारखी वाटतात म्हणून गफलत होते. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक इंग्रजीच्या एकट्या ‘वी’त मावत नाही, हे मराठी मुलीला न शिकवता कळतं. मला तर ही तिची शिदोरीच वाटते.

“पण पुढे काय?” आईने विचारलं. मेडिकलला जायचं असतं तर रसायनशास्त्र सोडू नकोस, असं मी स्पष्ट सांगितलं असतं, तिथे ते बहुतेक ठिकाणी लागतंच. हिला स्पीच थेरपीकडे जायचं होतं. त्याला हे तिन्ही विषय पूरक. मात्र विद्यापीठांच्या अटी स्वतः तपासायला लावल्या.

एक्यूए या परीक्षा बोर्डात या विषयाचे 20 टक्के गुण लेखी परीक्षेबाहेर स्वतः करायच्या कामाला असतात. त्यात सुमारे 2,000 शब्दांचं भाषा-संशोधन येतं. पुढच्या वर्षी तिने घरातल्या गप्पा रेकॉर्ड केल्या: आई मराठीतून इंग्रजीत नेमकी कधी वळते? संमतीपत्रावर सही करताना आई थबकली. “माझं चुकलेलं इंग्रजी असंच लिहिणार?”

“चुकलेलं नाही गं आई. तू बोलतेस तसं.”

आईने सही केली.