मूरिश आयडॉल आणि मँडरिन लातूरला आणावेत का?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. लातूरला तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक, क्लाउनफिशची जोडी छान रमलेली, आणि आता मुंबईचा दुकानदार मूरिश आयडॉल आणि मँडरिन हे समुद्री मासे पाठवायला तयार आहे. आयडॉल घेऊ नका. मँडरिनही आत्ता नको.

पाणी सांभाळायला तुम्हाला जमतंय, त्याबद्दल शंका नाही. पण या माशांचं घोडं अडतं ते खाण्यापाशी. आयडॉल समुद्रात खडकांवरचे स्पंज कुरतडत हिंडतो. टँकमध्ये बरेचसे आयडॉल कशालाच तोंड लावत नाहीत. काही खायला लागतात आणि एक दिवस अचानक सोडून देतात. शिवाय तो वीतभर वाढतो, त्याला पोहायला लांब जागा लागते. मँडरिनचं दुखणं वेगळं. तो कोपेपॉडसारखे बारीक जीव दिवसभर एकेक टिपत असतो. तुमच्या साधारण १९० लिटरच्या टँकमधले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवेल, आणि फ्रोझन खाणं टाकलं तर तो वळेपर्यंत क्लाउनफिश फस्त करतील. मग पोट खपाटीला जातं. रंग मात्र तसेच झळकत राहतात, म्हणून उपासमार चालू आहे हे घरच्यांना कळतच नाही. मला हे फार क्रूर वाटतं.

उद्या दुकानदार ऑर्नेट बटरफ्लायफिश दाखवेल. तो जिवंत कोरलवर जगतो, आणि आपल्याकडे कठीण कोरल वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. ज्याचं अन्न घरात आणणं गुन्हा आहे, तो मासा कशाला आणायचा? समुद्री घोडाही २००१ पासून याच कायद्याखाली संरक्षित आहे, कोणी देतो म्हणाला तरी हात लावू नका.

“मासा आधीच पकडलाय, मी नाही घेतला तर दुसरा घेईल,” असं तुम्ही लिहिलंय. पण दुकानदार पुढची ऑर्डर देतो ती विकल्या गेलेल्या माशाचीच.

आता आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना टँकचं पाणी तिशी ओलांडायला वेळ लागत नाही, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. चिलर परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे कुलरसारखंच पाणी उडून जातं आणि दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका चालत नाही. मात्र पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओ पाण्याची घाला, खाऱ्या पाण्याची कधीच नाही. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारेपणाचं माप, १.०२५ च्या आसपास राहायला हवं. लाईट गेली तर बॅटरीवर चालणारा एअरपंप हाताशी असू द्या.

पाण्याचा हिशोबही करा. आठवड्याला दहा टक्के बदलायचं म्हटलं तरी १९-२० लिटर पाणी आणि पाऊण किलोच्या आतबाहेर मरीन सॉल्ट लागतं. आरओ तेवढं पाणी देताना त्याहून जास्त पाणी बाहेर सोडतो. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावात ते मोरीत जाऊ देऊ नका, फरशी पुसायला वापरा. जारचं पाणी आणणार असाल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) लावूनच. पिण्याला चालतं ते टँकला चालेलच असं नाही.

मँडरिनवर जीवच जडला असेल तर टँक निदान वर्षभर जुना होऊ द्या, शेजारी कोपेपॉड वाढवायची वेगळी छोटी टाकी लावा, आणि मासा फ्रोझन खातोय हे व्हिडिओ कॉलवर बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. नर एकच घ्या, दोन नर भांडून एकमेकांचा जीव घेतात.

तोवर तिसरा मासा हवाच असेल तर फायरफिश आणा. लहान राहतो, शांत असतो, फ्रोझन खाण्यावर लवकर येतो. फक्त घाबरला की उडी मारतो, तेव्हा मासा यायच्या आधी टँकवर जाळी बसवून घ्या.