शिकतेयस की फिरतेयस?

"मॅडम, फिरायला गेलं की मी स्टेटस टाकते, पण घरच्यांना हाइड करून." पहिल्याच काउन्सेलिंग सेशनला ती हे बोलली आणि मला हसू आलं, कारण तिच्याआधी व्हिएन्नात पियानो शिकणारा एक मुलगा ऑपेराच्या उभ्याने बघायच्या स्वस्त तिकिटाच्या रांगेत उभा राहून मनातल्या मनात रियाजाचे तास वजा करायचा. बाहेरदेशी संगीत शिकायला गेलेल्या मुलांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

ही मुलगी इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहरात गॅमेलान शिकायला गेलेली. गॅमेलान म्हणजे गाँग (टांगलेल्या मोठ्या धातूच्या थाळ्या) आणि धातूच्या पट्ट्यांची वाद्यं असलेला तिथला वाद्यवृंद. दर्मासिस्वा म्हणून इंडोनेशियन सरकारची स्कॉलरशिप आहे, १९७४ पासून चालू आहे, परदेशी मुलांना तिथली भाषा आणि कला शिकवतात. मुदत मोजकी, त्यामुळे दिवस संपत चाललेत हे डोक्यात सारखं. एका रविवारी बोरोबुदुरला, तिथल्या प्राचीन बौद्ध स्तूपाला गेली, मावशीचा मेसेज आला, "शिकतेयस की फिरतेयस?" मावशी गंमतीत बोलली असेल, पण हिच्या ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून स्टेटस हाइड.

मी विचारलं, "बोरोबुदुरला काय बघितलंस?"
"दगडात कोरलेले वादक. ढोल, बासऱ्या, झांजा... अर्धा तास तिथेच उभी होते."
"मग हे शिकणं नव्हतं?"
"पण मॅडम, तेव्हा मी वाजवायलाच पाहिजे होतं ना!"

त्या 'वाजवायलाच'पाशी मी थांबले. माझा इतक्या वर्षांचा अनुभव सांगतो, माणसाला परिस्थिती जेवढी छळत नाही तेवढा हा 'च' छळतो. "वाजवायला हवं" ही इच्छा झाली, "वाजवायलाच पाहिजे" म्हटलं की दुसरं काहीही केलं तरी गुन्हाच. तिला ते पटलं, वहीत लिहूनही घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात काय केलं? तोच 'च' उचलून फिरण्याला चिकटवला. वायांग कुलित म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, सोबत अख्खा गॅमेलान, तिथे ही वही आणि रेकॉर्डर घेऊन बसली. परत आली ती दमून, वर "सगळं टिपता आलं नाही" हे नवीन गिल्ट. हुशार मुलांचं हे असंच असतं, तुम्ही दार दाखवलं की तिथेही परीक्षा केंद्र उघडतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पाचव्या की सहाव्या सेशनला ती एकदम पडलेल्या चेहऱ्याने आली.

"मॅडम, मी झोपले. वायांगला. रात्री दोनला."
"बरं. आजूबाजूचे काय करत होते?"
"काही झोपलेले, काही खात होते. एक आजोबा तर माझ्या आधीपासून घोरत होते."
"मग दालांग चिडला का?"

दालांग म्हणजे सगळ्या बाहुल्या एकटा नाचवून सगळ्यांचे आवाज काढणारा कलाकार. ती हसली. "नाही. तो पहाटेपर्यंत चालूच होता."
"आणि जाग कशाने आली तुला?"

इथे ती गप्प झाली, बराच वेळ. मीही काही बोलले नाही (हे न बोलणं शिकायला मला दहा वर्षं लागली!). मग म्हणाली, "गाँगने. मोठ्या गाँगने. मॅडम, तुकडा संपताना सगळे हळू होत जातात, आणि शेवटचा गाँग ठोक्यावर पडतच नाही, जरा थांबून पडतो. क्लासमध्ये सर सांगायचे, मला कळायचंच नाही. झोपेत कळलं."

तिचा प्रॉब्लेम हाच होता. ती सारोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य वाजवायची, त्यात उजव्या हाताने पुढची पट्टी वाजवताना डाव्या हाताच्या चिमटीत मागची दाबून तिचा नाद बंद करायचा असतो. ही घाईने आधीच दाबायची. त्या आठवड्यात सर म्हणाले, आज घाई नव्हती. मला एवढा आनंद झाला की मी तो कॉल संपल्यावर चहा करून एकटीच गॅलरीत बसले.

असं होईलच असं नाही हां. झोपलात म्हणून ताल येत नाही, आणि क्लास बुडवून बीच गाठत असाल तर ते गिल्ट बरोबरच आहे, त्याचं ऐका. पण बाकीच्यांनी आठवड्याची एक संध्याकाळ ऐकण्यासाठी बांधून घ्या आणि ती रियाजाच्या हिशोबात धरूच नका, प्लसही नाही मायनसही नाही. पहिला तासभर फोन खिशात. मोठ्या हॉलच्या तिकिटाच्या मागे धावण्याआधी सरांना, घरमालकिणीला विचारा, आपल्या भागात कुणाकडे काही आहे का. जावात लग्नाला, गावाच्या कार्याला वायांग ठेवतात, कुणीही जाऊन बसू शकतं. वाद्यांपाशी जाताना चपला काढा, वाद्य ओलांडू नका, एवढं पाळलं की लोकच बोलावून बसवतात. आणि मावशीला उत्तर द्या, "दोन्ही". मोठं स्पष्टीकरण दिलंत की तुम्हालाच ते खोटं वाटायला लागेल.

परवा तिने सेशन पुढे ढकललं, कारण रात्रभर वायांग होतं आणि सकाळी झोपायचं होतं. स्टेटस मलाही दिसला, पडद्यामागचा दिवा आणि कोपऱ्यात तेच आजोबा, घोरत.